बरबटी आणि पऱ्हाटी

31 डिसेंबरच्या रात्री मी पितळी गंजात अर्धा किलो बरबटी भिजत घातली. पुण्या-मुंबईकडचे जिला चवळी म्हणतात, ती ही. आई चुलीजवळ बसून बघत होती.

“उद्या बरबटी काहून?” तिने विचारलं. “वडे करतो का?”

“नाही. भात करतो. अमेरिकेतला.”

“अमेरिकेत बरबटी असते?”

हा प्रश्न तिने सहज विचारला. मला मात्र त्याचं उत्तर द्यायला अख्खं जानेवारी लागलं. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

सुरुवात फोनवरच झाली. कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत अमेरिकेच्या दक्षिण भागातली एक आजी नव्या वर्षाचं जेवण रांधत होती. चवळी घालून केलेला भात, त्याचं नाव ‘हॉपिन जॉन’. बरोबर कोलार्ड नावाची जाड हिरवी पालेभाजी, लोखंडी तव्यात भाजलेला मक्याचा पाव आणि गुळासारख्या पाकात घोळलेली रताळी. 1 जानेवारीला हे खाल्लं की वर्ष चांगलं जातं, असा तिकडे समज आहे. चवळीचे दाणे म्हणजे नाणी, हिरवी पानं म्हणजे नोटा, मक्याचा पाव म्हणजे सोनं. आजी हसत हसत सांगत होती. तिच्या मागच्या भिंतीवर एक जुना फोटो होता. कापसाच्या शेतात वाकलेल्या बाया, कमरेला लांबलचक झोळी.

त्या फोटोपाशी मी व्हिडिओ थांबवला. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात आहे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत माझी आई अशीच वाकलेली असते. फरक एवढाच की तिची झोळी लहान असते, जुन्या लुगड्याची, पोटाशी बांधलेली. आम्ही तिला ओटी म्हणतो.

म्हणून ठरवलं, यंदा एक जानेवारीला घरी हेच जेवण करायचं. सुटी होतीच. आईने वेचणीला खाडा करावा, एवढीच अट घातली. तिने ती अर्धीच मानली. दुपारपर्यंत घरी थांबेन म्हणाली.

भात

हॉपिन जॉनची सर्वांत जुन्या छापील कृतींपैकी एक 1847 साली निघालेल्या ‘द कॅरोलिना हाउसवाइफ’ या पुस्तकात आहे. लेखिका सारा रटलेज. पुस्तकावर तिचं नावसुद्धा नव्हतं, चार्ल्सटनमधली एक सभ्य स्त्री एवढंच छापलं होतं. तिचे वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. कृती साधी आहे. खारवलेलं डुकराचं मांस, तेवढेच मापून तांदूळ आणि लाल चवळी, सगळं एका भांड्यात.

त्या काळातल्या चार्ल्सटनमध्ये अशा घरांतली चूल मालकीण पेटवत नसे. स्वयंपाक गुलाम बाया करत. चवळी आणि भात एकत्र शिजवण्याची रीत त्यांच्याबरोबर पश्चिम आफ्रिकेतून आली होती. चवळी हे मुळातलं आफ्रिकेचंच पीक. कॅरोलिनाच्या दलदलीत भातशेती उभी राहिली, तीही भात पिकवणं जाणणाऱ्या पश्चिम आफ्रिकी माणसांच्या राबण्यावर. ज्युडिथ कार्नी यांच्या ‘ब्लॅक राइस’ या 2001 सालच्या पुस्तकाचा हाच विषय आहे. कृती पुस्तकात आली, करणारीचं नाव आलं नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. अमेरिकेत बरबटी असते का? असते, कारण ती गुलामांच्या जहाजांबरोबर गेली. आणि आपल्याकडे बरबटी का असते? तीही आफ्रिकेतूनच आली आहे, फक्त फार आधी. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळी ही आफ्रिकेतली पिकं भारतात पोचली, असं पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात. आपण जिला आपली म्हणतो ती भाकर एका अर्थाने पाहुणी आहे, साडेतीन-चार हजार वर्षं मुक्काम ठोकलेली. तिळाचा प्रवास मात्र उलटा झाला. तीळ मूळचा भारतीय उपखंडातला. इथून तो आफ्रिकेत गेला आणि तिथून गुलामांबरोबर कॅरोलिनात. चार्ल्सटनमध्ये आजही तिळाच्या पातळ खुसखुशीत बिस्किटांना ‘बेन्ने वेफर’ म्हणतात. बेन्ने हे तिळाचं आफ्रिकी नाव. संक्रांतीच्या तोंडावर हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे चिक्कीच की.”

भातासाठी मी भंडाऱ्याचा तांदूळ आणला. डुकराचं खारवलेलं मांस काही मिळणार नव्हतं. त्या मांसाचं काम काय, तर मीठ, धूर आणि थोडी चरबी. आमच्याकडे हे काम सुकट करते. वाळलेले झिंगे तव्यावर भाजले, कांदा-लसूण तेलात टाकला आणि त्यावर बरबटी शिजायला ठेवली. वास सुटला तशी आजी ओसरीतून आत आली.

“पहिले आमच्याकडे ही चव चान्यांची असे,” ती म्हणाली.

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवलेले तुकडे. आमच्या समाजात एकेकाळी मेलेल्या ढोराचं मांस वाट्याला यायचं. ते एका दिवसात संपत नसे, म्हणून वाळवायचं आणि पावसाळ्यात मूठभर डाळीत टाकायचं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अशा जेवणाची नोंद केली आहे. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. आमच्याही घराण्यात ते सुटलं. आजीने लहानपणी ते पाहिलं होतं, पण कधी सांगितलं नव्हतं. तिच्या आवाजात लाजही नव्हती आणि कौतुकही नव्हतं. पूर्वी दिवा रॉकेलचा असे, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

अमेरिकेच्या दक्षिणेतलं जेवणही असंच उभं राहिलं. गुलामांना आठवड्याचं राशन मोजून मिळे. मक्याचं पीठ आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा. मांसाचे चांगले भाग मालकाच्या ताटात जात. खूर, आतडी, मान, कान हे मागच्या दाराने. दिवसभर कापसात राबल्यावर झोपडीमागच्या चार वाफ्यांत रात्री चवळी, भेंडी आणि पालेभाजी लावायची. आज न्यूयॉर्कच्या महागड्या हॉटेलांत ‘सदर्न फूड’ म्हणून जे वाढतात, त्यातलं बरंचसं त्या चार वाफ्यांतलं आहे.

भाजी

कोलार्ड आपल्याकडे मिळत नाही. पण ते कोबीच्याच कुळातलं आहे, गड्डा न धरणारं. फुलकोबी, पत्ताकोबी, नवलकोल ही सगळी एकाच आईची लेकरं. म्हणून मी हिंगणघाटच्या बाजारात फुलकोबीची पानं मागितली. भाजीवालीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या घरी म्हैस आहे. ती पानं ढोरांसाठीच जातात. तिने पिशवीभर फुकट दिली.

घरी आणून कोवळी निवडली, जाड शिरा काढल्या आणि लसूण, मिरची, मीठ घालून भरपूर पाण्यात तासभर शिजवली. आपण पालेभाजी इतका वेळ शिजवत नाही. तिकडे शिजवतात आणि उरलेलं हिरवं पाणी फेकत नाहीत. त्याला ‘पॉट लिकर’ म्हणतात, मक्याचा पाव त्यात बुडवून खातात. मालकाच्या घरी पानं वाढली जात आणि हे पाणी स्वयंपाकिणीच्या लेकरांकडे येई. सगळा कस त्या पाण्यात उतरलेला असे, हे मालकाला कळत नव्हतं.

बाबांनी तो रस्सा वाटीत घेऊन पाहिला. “अंबाडीच्या भाजीचं पाणी लागते तसं, फक्त आंबट नाही,” म्हणाले. मी लिंबू पिळलं. तिकडे व्हिनेगर घालतात.

एक जानेवारी

हे जेवण 1 जानेवारीलाच का? शुभशकुनाची गोष्ट वर सांगितलीच. पण त्याखाली दुसरा इतिहास आहे.

गुलामीच्या काळात दक्षिणेतल्या कितीतरी भागांत 1 जानेवारी हा गुलाम वर्षभरासाठी भाड्याने देण्याचा दिवस असे. मालकाची देणी फेडायला लिलावही याच सुमारास होत. हॅरिएट जेकब्स ही गुलामीतून सुटलेली स्त्री. 1861 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तिने या दिवसाबद्दल लिहिलं आहे. आदल्या रात्री आया लेकरांना कवटाळून बसत, कारण उद्या कोण कुणाच्या दारात जाईल याचा भरवसा नसे. पुढे या दिवसाला ‘हार्टब्रेक डे’ म्हटलं गेलं, काळीज फाटण्याचा दिवस.

मग 1 जानेवारी 1863 आला. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा त्या दिवशी लागू होणार होता. 31 डिसेंबर 1862च्या रात्री कृष्णवर्णीय लोक चर्चमध्ये आणि घरांत जागे राहिले. त्या जागरणाला ‘वॉच नाइट’ म्हणतात. आजही अनेक चर्चमध्ये ते होतं. ज्या तारखेला लेकरं तुटत होती, त्याच तारखेला सुटका आली. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या ताटातली चवळी म्हणजे नुसती नाणी नव्हेत.

हे मी चुलीपाशी सांगत होतो, तेव्हा बाहेर रस्त्यावर निळे झेंडे लावलेली एक गाडी थांबून पुढे गेली. आमच्या वस्तीतले काहीजण दोन दिवस आधीच भीमा कोरेगावला निघून गेले होते. बाबा स्वतः दोनदा जाऊन आलेत. 1 जानेवारी 1818ला तिथे कंपनीच्या फौजेतल्या महार शिपायांनी पेशव्यांच्या सैन्याशी लढा दिला. 1 जानेवारी 1927ला बाबासाहेब त्या विजयस्तंभापाशी गेले. तेव्हापासून ही तारीख आमची आहे. गावातल्या बाकीच्यांना एक जानेवारी म्हणजे केक. आमच्या घरी सकाळी आधी वंदना होते.

दोन्हीकडे एकच तारीख हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण मला एक कळलं. इंग्रजी कॅलेंडरच्या कोऱ्या पहिल्या पानावर ज्यांच्या जुन्या पंचांगात जागा नव्हती, अशा लोकांनी आपापला सण लिहिला.

पऱ्हाटी

चुलीत मी मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या घातल्या होत्या. कापसाची झाडं उपटून वाळवली की वर्षभराचं सरपण होतं. कॅरोलिनाचं जेवण पऱ्हाटीवर शिजतंय, ही गोष्ट मला फार बरोबर वाटली. कारण या दोन जागांना जोडणारा खरा धागा जेवणाचा नाहीच, कापसाचा आहे.

1860 साली इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन-चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता. गुलामांनी वेचलेला. दुसरीकडून कापूस मिळावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीची धडपड त्याआधीपासून चालू होती. 1840 साली कंपनीने तिकडचे दहा कापूस-लागवडवाले पगारावर भारतात आणले. आपल्या शेतकऱ्याला कापूस पिकवायला शिकवणार म्हणून. इथल्या मातीने आणि पावसाने त्यांनाच शिकवलं. बहुतेक प्रयोग फसले, धारवाडकडे अमेरिकी वाण तेवढा टिकला.

एप्रिल 1861मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि सगळ्यांचे डोळे इकडे वळले. त्याच वर्षी मध्य प्रांत स्थापन झाला होता. 1862 साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. 1866 साली ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखलेल्या नव्या गावात आलं. तेच आजचं वर्धा शहर. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. रिव्हेट-कार्नॅक हे त्याचं नाव. बियाणं, बाजार, रस्ते, गाठी बांधणं, सगळ्यावर त्याची नजर असे. लिव्हरपूलच्या बाजारात तेव्हा ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका प्रतीचं नाव होतं. माझ्या तालुक्याचं नाव लंडनच्या बाबू लोकांना माहीत होतं. तो कापूस वेचणाऱ्या एकाही बाईचं नाव मात्र कुठे नाही.

1865ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरवाले बुडाले, त्याची गोष्ट पुस्तकांत आहे. शेतकरी मात्र कापसातून मागे फिरू शकला नाही. सारा रोखीत भरायचा होता, सावकाराचं देणं रोखीत होतं आणि रोख फक्त कापसाला मिळत होती. पुढच्या दशकांत कापूस ज्वारीच्या जागेत शिरत गेला. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत मध्य प्रांतात माणसं मेली, तेव्हाही रेल्वे चालू होती आणि गाठी मुंबईला जात होत्या.

तिकडे दक्षिणेत गुलामी गेली, पण जमीन मालकाकडेच राहिली. सुटलेली माणसं बटईने कापूस करू लागली. बी, खत, किराणा सगळं मालकाच्या दुकानातून उधार. हंगाम संपला की हिशेब मालकच करायचा. कितीतरी ठिकाणी मालक सांगे, झोपडीच्या दारापर्यंत कापूसच लावा. चवळीचे ते चार वाफेसुद्धा नकोत, भाजी आमच्या दुकानातून घ्या.

हे वाचलं तेव्हा मी आईला विचारलं, आपल्या शेतात आधी काय काय असायचं?

तिने बोटांवर मोजलं. कपाशीच्या आठ-दहा तासांनंतर तुरीचं एक तास. तुरीत बरबटी सोडलेली. मधेमधे मूग. धुऱ्यावर अंबाडी आणि भेंडी. एका बाजूला घरापुरती ज्वारी. वेचणीला गेलं की येताना ओटीच्या कोपऱ्यात बरबटीच्या शेंगा घरी यायच्या. भाजी विकत आणावी लागत नव्हती.

“आता?”

“आता तणनाशक मारते तुहे बाबा. कपाशीशिवाय काही वाचत नाही त्यात.”

बाबा ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. मजूर मिळत नाही, निंदण परवडत नाही, हे त्यांचं उत्तर मला माहीत आहे आणि ते खोटं नाही. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच विदर्भ त्याने भरून गेला. ही पऱ्हाटी मुळात अमेरिकी जातीची. जिच्या जागी आमचा देशी कापूस लिव्हरपूलला गेला होता, तीच शेवटी आमच्या वावरात येऊन बसली. बोंडअळी आली, औषधं वाढली, कृषी केंद्राची उधारी वाढली. हिशेब हंगाम संपल्यावर होतो.

मी रात्री भिजत घातलेली बरबटी किराणा दुकानातली होती. प्लास्टिकच्या पाकिटातली.

वर्ध्याचे पाहुणे

दक्षिणेतला एक माणूस खरोखर आमच्या जिल्ह्यात येऊन गेला आहे, हे मला शोधताना कळलं.

बेंजामिन मेज. जन्म 1894, साउथ कॅरोलिनातला. आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. नंतर खंडाने शेती करून कापूस पिकवणारे. चार वर्षांचा असताना गोऱ्यांच्या हत्यारबंद टोळक्याने वडिलांना टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकायला लावलं, ही त्याची पहिली आठवण. शाळा वर्षातून चारच महिने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकीचे दिवस कापसाचे. मोठेपणी तो हट्टाने शिकत गेला आणि 1934 साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात धर्मविद्या विभागाचा प्रमुख झाला.

1936 संपता संपता मेज आणि त्यांचे सहकारी चॅनिंग टोबायस भारतात आले. टोबायस जॉर्जियाचे, तेही दक्षिणेतलेच. वायएमसीएच्या जागतिक परिषदेसाठी म्हैसूरला जायचं होतं. त्याआधी ते वर्ध्याला उतरले, गांधींना भेटायला. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी गांधी शेगावात राहायला गेले होते. या गावाला पुढे सेवाग्राम म्हणू लागले. मेज यांनी जवळजवळ दीड तास प्रश्न विचारले. अहिंसा म्हणजे नुसतं सोसणं की काही करणं? मूठभरांनी ती पाळली तर चालते का, लाखो लोकांना कशी शिकवायची? आणखी एक प्रश्न होता. तुम्ही अस्पृश्यतेवर हल्ला चढवता, मग जातीवरच का नाही?

हा प्रश्न कापूस वेचत मोठा झालेल्या माणसाने, वर्ध्यात, 1936 साली विचारला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापलं होतं आणि गांधींनी ‘हरिजन’मधून त्याचा प्रतिवाद करताना वर्णाची बाजू घेतली होती. पाहुण्याला ते सगळं ठाऊक असो नसो, त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

पुढे म्हैसूरला गेल्यावर जवळच्या एका गावातल्या अस्पृश्यांच्या शाळेत मेज यांना बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतले अस्पृश्य म्हणून. मेज यांना आधी धक्का बसला, रागही आला. मग त्यांनी विचार केला. अमेरिकेत कितीतरी हॉटेलांत, बसायच्या जागांत, शाळांत त्यांना प्रवेश नव्हता. ओळख खरीच होती. 1971 साली आलेल्या ‘बॉर्न टू रिबेल’ या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला.

1940 साली मेज अटलांटातल्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. 1944 साली तिथे पंधरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला, मार्टिन ल्यूथर किंग. मेज यांना तो आयुष्यभर गुरू मानत राहिला. 1968 साली किंगच्या अंत्यविधीत शोकभाषण करायची वेळ मेज यांच्यावर आली.

मी शाळेत असताना सहलीला सेवाग्रामला दोनदा गेलो. बापू कुटी पाहिली, कंदील पाहिला, चरखा पाहिला. हा माणूस इथे येऊन काय विचारून गेला, ते कुणी सांगितलं नाही.

पाव, आणि पंगत

मक्याच्या पीठात ताक, एक अंडं, मीठ आणि सोडा घालून घोळ केला. लोखंडी कढईत तेल कडक तापवून तो ओतला, वर तवा झाकला आणि तव्यावर निखारे ठेवले. रोडगे भाजतात तसंच, वरून खालून आच. पहिला घाणा खाली जळला. दुसरा नीट निघाला, पिवळाधमक, कडेने करकरीत. रताळी गुळात घोळली.

बाराच्या सुमारास सगळे खाली बसलो. आजी, बाबा, आई, बहीण, तिची लेक. नेहमी आई वाढते आणि सगळ्यांचं झाल्यावर खाते. त्या दिवशी मी तिला आधी बसवलं. तिला ते जमत नव्हतं. दोनदा उठली, एकदा पाण्यासाठी, एकदा मिठासाठी. ताट पुढे घेतलं, तेव्हा बोटं दिसली. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा चिरलेल्या. भातावर लिंबू पिळलं, तर तिने हात झटकला.

“झोंबते,” ती म्हणाली आणि डाव्या हाताने चमचा मागितला.

आजीला भात आवडला. भाचीने फक्त रताळी खाल्ली. बाबा म्हणाले, पाव ठीक आहे, पण भाकरीची सर नाही. आईने फुलकोबीच्या पानांची भाजी दोनदा घेतली आणि मला विचारलं, ही पानं खरंच फुकट दिली का? मग म्हणाली, “एवढी वर्षं ढोरांना घातली आपण.”

जेवताना मी मेज यांची गोष्ट सांगितली, शाळेतल्या त्या ओळखीची. सगळे गप्प झाले. बाबांनी विचारलं, “मग त्याने काय केलं?”

“घरी जाऊन मुलांना शिकवलं.”

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा भात घेतला.

दुपारी आई वेचणीला गेलीच. म्हणाली, उभा कापूस लोंबतो आहे, दव पडलं तर प्रत जाते. संध्याकाळी परत आली, तेव्हा मी उरलेला भात गरम करत होतो. तिकडे दोन जानेवारीला उरलेल्या हॉपिन जॉनला वेगळंच नाव आहे, ‘स्किपिन जेनी’. शिळं खाण्याला असं गमतीचं नाव देणारी माणसं मला आपलीच वाटली.

आईने डबे आवरताना बरबटीचं पाकीट उचललं. तळाशी मूठभर दाणे शिल्लक होते. ते तिने वाटीत काढले, एक-दोन दाताखाली धरून पाहिले आणि जुन्या डब्यात टाकून झाकण लावलं.

“दुकानातले आहेत,” ती बाबांकडे बघत म्हणाली. “उगवते का नाही कोणास ठाऊक. पण मिरगात तुरीच्या तासात टाकून पाहू. तेवढ्या तासात औषध नका मारू.”

बाबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, “एका तासानं काय होते?”

“शेंगा होते,” आई म्हणाली.